बावीस रुपयांची पावती

आमच्या वडिलांनी वाड्यातल्या भाड्याच्या पावत्या तारेत ओवून ठेवल्या होत्या. खाली लाकडी चकती, वर आकडा, आणि ती तार स्वयंपाकघराच्या दाराआड खिळ्याला लटकलेली. लाइट बिलं, रेशनच्या पावत्या, दुधाचा हिशेब यांची तार वेगळी. त्या तारेवरचे कागद वर्ष सरलं की बंबात जात. भाड्याची पावती मात्र कधी टाकायची नाही, असा घरातला दंडक होता.

पावती होती पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची, पिवळट, एका कडेला फाडल्याच्या दातऱ्या. वर वाड्याचा घरांक आणि पेठेचं नाव छापलेलं. खाली निळ्या शाईत: यांजकडून माहे जून अखेरचे दोन खोल्यांचे भाडे रुपये २२, अक्षरी बावीस फक्त, रोख पावले. वीस रुपयांच्या वरची रक्कम म्हणून रेव्हेन्यू स्टॅम्प, आणि मालकांची सही निम्मी स्टॅम्पावर, निम्मी कागदावर पडलेली, म्हणजे स्टॅम्प काढून दुसरीकडे चिकटवायची सोय नाही. आमच्यात आणि मालकांच्यात कागद म्हणाल तर तेवढाच. करारनामा नव्हता, साक्षीदार नव्हते, मुदत नव्हती. या पावतीवर रेशनकार्ड निघालं, मतदार यादीत नावं लागली, माझ्या शाळेच्या प्रवेशअर्जावरचा पत्ता खरा ठरला.

आई-वडील गेल्यावर त्यांचा कोथरूडचा फ्लॅट माझ्या नावावर झाला आणि तो भाड्यानं द्यायचं ठरलं. आयुष्यातली पहिली वीस वर्षं भाडेकरूच्या घरात काढलेली मी मालकीण म्हणून करार करायला बसले, तेव्हा एजंटनं पाठवलेला मसुदा दहा पानी होता. तो वाचताना मला सारखा तो वाडा आठवत राहिला. काय गेलं आणि काय आलं, याचा नीट विचार पहिल्यांदा त्या दहा पानांनी करायला लावला.

आमच्या दोन खोल्या मिळाल्या त्या ओळखीवर. वडिलांच्या ऑफिसातले एक जण त्याच गल्लीत राहायचे. त्यांनी वडिलांना संध्याकाळी मालकांकडे नेलं. मालक झोपाळ्यावर. कुठले, काय करता, माणसं किती, एवढे प्रश्न झाले. काकूंनी आतून चहा पाठवला आणि खोल्या ठरल्या. आई हे फार कौतुकानं सांगायची. मलाही ते ऐकायला गोड वाटायचं. पण ‘कुठले’ या प्रश्नात गावाशिवाय आणखी काय विचारलं जात होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. आमचं आडनाव त्या झोपाळ्यापुढे चालणारं होतं म्हणून चहा आला. ज्यांचं चालणारं नव्हतं त्यांना खोली कालच गेली असं सांगितलं जायचं, आणि तीच खोली पुढे महिनाभर रिकामी दिसायची. जुन्या दिवसांबद्दल लिहिताना हे गाळून लिहिणं मला जमणार नाही.

एकदा आत गेलं, की मात्र तो वाडा तुमचा असायचा. दिंडी दरवाजातून शिरलं की चौक, चौकात हौद, हौदाशेजारी सामाईक नळ. पाणी पहाटे यायचं आणि कळशांची रांग आदल्या रात्रीच लागलेली असायची. भाड्याला ठरावीक तारीख नव्हती. पगार झाला की वडील आंघोळ-पूजा आटोपून, टोपी घालून, जिन्यानं वर जायचे. पैसे मोजून द्यायचे, पावती घ्यायची, आणि त्या दहा मिनिटांत वाड्याचं सगळं बोलणं होऊन जायचं. जिन्यातला दिवा कोण जाळतंय, मोरीचं पाणी कुणाच्या भिंतीत मुरतंय, पावसाआधी कौलं शाकारायला माणूस कधी बोलवायचा. धाकट्या काकाचं लग्न ठरलं त्या वर्षी मालकांनी वरची माडी पाहुण्यांसाठी आठ दिवस मोकळी करून दिली. त्याचं भाडं त्यांनी घेतलं नाही आणि आईनं काकूंच्या ओटीत खण-नारळ घातला.

याच वाड्यात दुसरीही गोष्ट चालू होती. समोरच्या सोप्यात राहणाऱ्यांशी मालकांचं बिनसलेलं होतं. मालक त्यांच्याकडून भाडं घेत नसत, कारण भाडं घेतलं की पावती द्यावी लागणार. ते बिऱ्हाड दरमहा मनिऑर्डर करी. पोस्टमन ती घेऊन येई, जिना चढून वर जाई, आणि ‘घेत नाहीत सबब परत’ असा शेरा मारून खाली येई. शेऱ्याचा तो कागद ती मंडळी जपून ठेवत, कारण आपण भाडं थकवलेलं नाही याचा कोर्टात तोच पुरावा. एका चौकात राहणारी दोन कुटुंबं पोस्टमनच्या मार्फत भांडत होती आणि गणपतीत एकमेकांच्या आरतीलाही जात होती. त्यांचा दावा आमच्या लहानपणी लागला. आम्ही वाडा सोडला तेव्हाही तो चालूच होता.

हे असं का होतं, ते मोठेपणी कळलं. युद्ध आणि फाळणीच्या दिवसांत शहरांकडे माणसांचा लोंढा आला. घरं कमी, माणसं फार, आणि भाडी भडकलेली. मुंबई राज्यानं १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा केला आणि १३ फेब्रुवारी १९४८ पासून तो लागू झाला. १ सप्टेंबर १९४० ला खोलीचं जे भाडं होतं ते प्रमाण भाडं. करवाढीचा वाटा वगैरे सोडला तर त्यावर मालकाला वाढ नाही. भाडेकरू भाडं भरत असेल तर त्याला काढायचं नाही. काढायचंच तर कायद्यात दिलेलं कारण हवं: थकबाकी, पोटभाडेकरू ठेवणं, उपद्रव, किंवा मालकाची खरीखुरी गरज. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाला तीच खोली, तेच भाडं.

त्या काळात हा कायदा झाला नसता तर आमच्यासारखी कारकुनी पगारातली कुटुंबं पेठेत राहूच शकली नसती. ते ऋण मी मानते. पण तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पन्नास वर्षं चालला, आणि तेवढ्या काळात वाड्यांची हाडं उघडी पडली. आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडं होती. सगळ्यांचं भाडं एकत्र केलं तरी कडीपाटाची एक कुजलेली तुळई बदलायला पुरायचं नाही. मालक काही गडगंज नव्हते. शाळेतून निवृत्त झालेला माणूस. पावसाळ्यात मातीच्या भिंतीचा पोपडा सुटला की आम्ही भाडेकरू वर्गणी काढून गिलावा करून घ्यायचो आणि ते वर खिडकीत उभं राहून बघायचे. लहानपणी मला त्यांचा राग यायचा. घर त्यांचं आणि खर्च आमचा, असं वाटायचं. आज कोथरूडच्या फ्लॅटची पाइपलाइन बदलून घेतल्यावर बिल हातात घेऊन मी त्या खिडकीतल्या माणसाचा बराच वेळ विचार केला.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतले वाडे मातीच्या ढिगाऱ्यासारखे बसले. हजारो भाडेकरू एका दिवसात बेघर झाले आणि गोखलेनगर, सहकारनगर या बाजूंना पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. आमचा वाडा उंचावर होता म्हणून वाचला. वडील सांगायचे, की त्या पुरानंतर मालक एकेका बिऱ्हाडात स्वतः येऊन विचारून गेले, कुणाचे नातेवाईक रस्त्यावर असतील तर ओसरीवर आणा म्हणून. दोन कुटुंबं ओसरीवर महिनोन्‌महिने राहिली. त्यांच्याकडून कुणी भाडं मागितलं नाही आणि त्यांनीही पुढे हक्क सांगितला नाही. एवढा विश्वास एकीकडे, आणि मनिऑर्डरीवरचा तो शेरा दुसरीकडे. दोन्ही एकाच छपराखाली होतं, आणि त्यातलं एकच सांगितलं तर वाडा अर्धा सांगितल्यासारखं होईल.

मुंबईची तऱ्हा आणखी वेगळी. तिथे गिरगाव-परळच्या चाळीत खोली मिळवायला पागडी मोजावी लागे. भाडं दहा-वीस रुपये आणि पागडी हजारांत. खोली सोडणारा ती पावती पुढच्याला ‘विकायचा’ आणि त्यातला वाटा मालकाला जायचा. कायद्यानं हा गुन्हा होता आणि सगळी मुंबई तो राजरोस करत होती. माझ्या मावशीकडे परळला अशीच खोली होती. पावतीवर तिच्या सासऱ्यांचं नाव. ते जाऊन कैक वर्षं झाली तरी पावती त्यांच्याच नावे फाटत होती, कारण नाव बदलायचे म्हणून मालक पैसे मागत होता. पागडीला कायद्याची मान्यता मिळाली ती थेट १९९९ च्या कायद्यात.

खोल्या द्यायची मालकांना भीती वाटू लागली, तशी लिव्ह अँड लायसन्सची वाट निघाली. घरावर हक्क द्यायचा नाही, फक्त राहायची परवानगी द्यायची, ताबा कायद्यानं मालकाकडेच. पण सरकारनं १९७३ साली तीही वाट अडवली. १ फेब्रुवारी १९७३ ला जे अशा परवानगीवर राहत होते, ते सगळे एका दिवसात संरक्षित भाडेकरू झाले. परगावी बदली झाली म्हणून दोन वर्षांसाठी घर दिलेल्या माणसाचं घर कायमचं गेलं. पुढची पंचवीस-तीस वर्षं आपल्याकडे जी असंख्य घरं कुलपात धूळ खात पडली, त्याचं मूळ या तारखेत आहे असं मला वाटतं. आमच्या सोसायटीतच तीन फ्लॅट वर्षानुवर्षं बंद होते. मालक अमेरिकेत, दुबईत. भावाला किल्ली द्यायचे, भाडेकरूला नाही.

जे द्यायचे ते अकरा महिन्यांनी द्यायचे. अकराच का, हे विचारलं तर बहुतेकांना सांगता येत नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची. अकरा महिन्यांचा कागद केला की नोंदणी कचेरीची पायरी चढावी लागत नसे. त्या कागदाचं एक वेगळंच जग होतं. शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात मुद्रांक विक्रेत्यांच्या पेट्या, शेजारी पत्र्याच्या शेडमध्ये टाइपरायटर घेऊन बसलेले टंकलेखक. माझ्या थोरल्या भावानं लग्नानंतर घर भाड्यानं घेतलं तेव्हा मी त्याच्याबरोबर गेले होते. टंकलेखकाला मजकूर सांगावा लागला नाही. त्यानं नावं, पत्ता, भाडं आणि डिपॉझिट विचारलं, मुद्रांकाचा कागद आणि खाली दोन कार्बन लावून यंत्र सुरू केलं, आणि आम्ही चहा पिऊन येईतो ‘येणेप्रमाणे करारनामा लिहून ठेविला असे’ इथपर्यंत येऊन पोचला होता. नोटरीनं शिक्का मारला. भावानं ते न वाचताच सही केली. त्या कागदात मालकाला चिंता नव्हती आणि भावाला घर होतं, एवढंच सगळ्यांना पुरेसं वाटत होतं. पुढे बनावट मुद्रांकांचं प्रकरण गाजलं, फ्रँकिंग आलं, आणि त्या पेट्या हळूहळू कमी झाल्या.

डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की गोठवून ठेवलेलं प्रमाण भाडं आता न्याय्य राहिलेलं नाही. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून लागू झाला. जुन्या भाडेकरूंचं संरक्षण त्यात राहिलं, पण भाड्याला दर वर्षी चार टक्के वाढ मिळाली. नव्यानं घर देणाऱ्यांसाठी त्यात दोन गोष्टी फार मोठ्या आहेत. परवानगीची मुदत संपूनही राहणारा जागा सोडत नसेल तर दिवाणी कोर्टात पिढी घालवायची नाही, सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, आणि मुदतीनंतरच्या दिवसांचं शुल्क दुपटीनं मागता येतं. दुसरी गोष्ट कलम ५५. करार लेखी हवा आणि नोंदलेला हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन. नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्यानं सांगितलेल्या अटी खऱ्या धरायच्या. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. म्हणजे ज्या कारणानं अकराचा आकडा आला ते कारण महाराष्ट्रात या कायद्यानंच संपलं. आकडा मात्र अजून जागचा हललेला नाही. मी स्वतः २४ महिन्यांचा करार केला. येणाऱ्या जोडप्याची मुलगी पहिलीत जायची होती, आणि दर अकरा महिन्यांनी घर शोधायची टांगती तलवार पहिलीतल्या मुलीच्या घरावर असू नये, असं मला मनापासून वाटलं.

आता नोंदणीला कचेरीत जावं लागत नाही. एजंटचा मुलगा लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी आला. माझा फोटो, अंगठा, आधारची पडताळणी. मग त्या दोघांची. सोसायटीचं नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, सगळं त्यानं रकान्यांत भरलं. मुद्रांक शुल्काचं गणित मी कागदावर करून पाहिलं. एकूण मुदतीचं भाडं, त्यात डिपॉझिटवर सालिना दहा टक्क्यांनी व्याज धरून मिळवायचं, आणि येणाऱ्या रकमेवर पाव टक्का. शहरात नोंदणी फी एक हजार, ग्रामीण भागात पाचशे. चलन ऑनलाइन. काही दिवसांत दुय्यम निबंधकांची मोहोर उमटलेला दस्त आणि इंडेक्स टू दोघांच्याही ई-मेलवर. पोलीस ठाण्याला माहिती देण्याचा अर्जही ऑनलाइन भरून झाला. माझ्या वडिलांच्या वेळी या नोंदी झोपाळ्यावर बसलेल्या एका माणसाच्या डोक्यात असत. आज आडनाव कुठलंही असो, त्या यंत्राला अंगठा सारखाच. मला हे मोलाचं वाटतं.

पण दलाल मात्र अजून विचारतात. ‘व्हेज आहेत का, मॅडम?’ हा त्यांचा पहिला प्रश्न आणि ‘बॅचलर नकोत ना?’ हा दुसरा. मसुद्यातही होतं: घरात मांसाहार शिजवू नये. ते कलम मी सगळ्यात आधी खोडलं. एजंट म्हणाला, ‘मॅडम, सगळे टाकतात.’ त्याला म्हटलं, इथे टाकायचं नाही. झोपाळ्यापुढचा तो प्रश्न मी लहानपणी पडद्याआडून ऐकला होता. तो माझ्या सहीनं नोंदणी कचेरीत जाणार नव्हता.

नोंदणीच्या पोर्टलचा एक ठरावीक नमुना असतो आणि त्यापुढे इतर अटी जोडता येतात. एजंटकडे या इतर अटींची पानं तयार असतात. मी ती चष्मा लावून, पेन घेऊन वाचली. सगळी मालकाच्या बाजूनं होती. मालक केव्हाही येऊन जागेची पाहणी करू शकेल. घरातली सगळी दुरुस्ती राहणाऱ्यानं करावी. सोडताना रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापले जातील. भिंतीला खिळा ठोकू नये. पाहुणे सात दिवसांहून जास्त ठेवू नयेत. मालकानं काय करायचं, याची एक ओळ दहा पानांत नव्हती.

पहिलीच अट वाचून मी थांबले. आमचे मालक वाड्याचे मालक होते, पण आमच्या खोलीशी आले तर उंबऱ्याबाहेर उभे राहून हाक मारायचे. आईनं या म्हटल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत. आई घरात एकटी असेल तर बाहेरूनच बोलून जायचे. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. लिहिलेलं नव्हतं तरी चालत होतं, कारण तेही त्याच चौकात राहत होते आणि रोज तोंड दाखवायचं होतं. मी राहते बाणेरला, ते राहणार कोथरूडला. आमची गाठ वर्षातून एकदा पडली तर पडणार. तेव्हा जे तिथे रीतीनं होत होतं ते इथे लिहिल्याशिवाय होणार नाही, असं मला वाटलं आणि मी लिहीत गेले. आदल्या दिवशी विचारून, दोघांना सोईच्या वेळीच मालक घरात येतील. पाण्याची गळती, वायरिंग, ड्रेनेज ही दुरुस्ती मालकाची. बल्ब, नळाचा वॉशर असल्या रोजच्या गोष्टी राहणाऱ्यांच्या. कळवल्यावर आठ दिवसांत मालकानं दुरुस्ती केली नाही तर राहणाऱ्यांनी करून घ्यावी आणि बिल भाड्यातून वजा करावं. रंगाची कापाकापी नाही. दोन वर्षांत भिंत जेवढी मळते तेवढी मळणारच. खिळे ठोकावेत. देवघराला, घड्याळाला, मुलीच्या चित्रांना खिळा लागतोच.

डिपॉझिटवर मी बराच वेळ घातला. वाड्यात डिपॉझिट नव्हतं. आज पुण्यात दोन-तीन महिन्यांचं, मुंबईत त्याहून जास्त घेतात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्यात घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. आपल्याकडे मात्र राज्य भाडे नियंत्रण कायद्यावरच चालतं. मी दोन महिन्यांचंच घेतलं. आणि ते किल्ली हातात आल्याच्या दिवशी परत करायचं, काही कापायचं असेल तर बिल दाखवून, असं लिहिलं. घर सोडलेल्या तरुण मुलांकडून मी किती वेळा ऐकलं आहे, की डिपॉझिट परत मागायला फोन केले तर मालक उचलत नाहीत. नव्या गावात नवं डिपॉझिट भरायचं आणि जुनं अडकलेलं. दोन पगार असलेल्या घरालाही ते जड जातं, पहिल्या नोकरीच्या मुलांना तर फारच.

सोसायटीचं एक कलमही नीट लिहावं लागलं. घर भाड्यानं दिलं की सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस लावते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाहीत. कित्येक मालक हे पैसे राहणाऱ्यांच्या गळ्यात मारतात. घर माझं, मी तिथे राहत नाही म्हणून लागणारा आकार माझाच. तसा तो करारात माझ्याकडे ठेवला. वीज बिल, गॅस, इंटरनेट त्यांचं, मेंटेनन्स माझा.

पावती मात्र मी देते. भाडं दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत मोबाइलवरून जमा होतं, बँकेचा संदेश दोघांकडे येतो, मग पावती कशाला, असं एजंटच्या मुलानं विचारलं. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे भाड्याची लेखी पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, हे एक. वर्षाचं भाडं लाखाच्या वर गेलं की नोकरदाराला घरभाडे भत्त्याची सवलत मागताना मालकाचा पॅन द्यावा लागतो, तो पावतीवर लिहिलेला असला की ऑफिसात हेलपाटे नाहीत, हे दुसरं. बाजारात पावतीपुस्तक अजून मिळतं. भाडं पाच हजारांच्या वर आणि रोख असतं तर एक रुपयाचा स्टॅम्पही लागला असता. मी तारखेला पावती लिहून तिचा फोटो पाठवते आणि मूळ पावत्या सहा महिन्यांनी एकदम पोस्टानं.

वाडा सोडला तो १९८६ साली. तेव्हा भाडेकरू नवीन घर घेऊनही जुन्या खोल्यांना कुलूप लावून ठेवायचे, बावीस रुपये भरत राहायचे, आणि बिल्डर येईल तेव्हा जागेबद्दल रक्कम किंवा फ्लॅट मागायचे. पेठेतले बरेचसे वाडे पाडून इमारती झाल्या त्यात भाडेकरूंना मिळालेले फ्लॅट असे आले. ते गैर होतं असं मी म्हणत नाही. दोन-दोन पिढ्या तिथे राबलेल्या, गिलावा केलेल्या लोकांचा त्यावर हक्क होताच. आमच्या वडिलांनी तसं केलं नाही. त्यांनी खोल्या रिकाम्या करून किल्ल्या वर नेऊन दिल्या आणि मालकांनी साध्या कागदावर ताबापावती लिहून दिली. यावरून घरात पुढे कितीतरी वर्षं बोलणं व्हायचं. धाकटा काका म्हणायचा, दादानं लाखाचं नुकसान केलं. वडील उत्तर द्यायचे नाहीत. मालकांच्या मुलीचं लग्न त्या खोल्या मोकळ्या झाल्यामुळे वाड्यातच झालं, आणि आम्ही सगळे चार दिवस तिथेच जेवायला होतो, हे आई मध्येच सांगून जायची.

कराराबरोबर जोडपत्र असतं: घरात काय काय आहे त्याची यादी. किल्ली द्यायच्या दिवशी मी त्या दोघांना घेऊन खोलीखोलीतून फिरले. पंखे पाच, ट्यूब सहा, गीझर एक, ओट्याखालचा पाण्याचा फिल्टर, वडिलांचं पुस्तकांचं कपाट, दोन किल्ल्या दाराच्या आणि एक टेरेसच्या जाळीची. वीज मीटरचा आकडा तिघांनी वाचला आणि लिहिला. मागच्या बाल्कनीतला पाइप जोराच्या पावसात ठिबकतो, तेही यादीत लिहिलं, म्हणजे उद्या ते त्यांच्या माथी येणार नाही. जोडप्यातली ती तरुणी सही करता करता थांबली. म्हणाली, ‘काकू, एक विचारू? माझं बाळंतपण आहे पुढच्या वर्षी. आई येईल गावाहून. तीन-चार महिने राहील. पाहुण्यांचं ते सात दिवसांचं...’

‘कलम सतरा,’ एजंटचा मुलगा म्हणाला.

ते माझ्या नजरेतून सुटलेलं नव्हतं, पण सोसायटीला हवं असेल म्हणून मी मागे ठेवलं होतं. सेक्रेटरींना तिथूनच फोन लावला. ते म्हणाले, घरच्या माणसांना आमची काही अट नाही, वॉचमनकडच्या रजिस्टरमध्ये नाव लिहून ठेवा म्हणजे झालं. मग सतरा नंबरच्या कलमाच्या जागी तेवढंच लिहिलं. तिच्या आईचं नाव, गाव आणि फोन नंबर तिनं मला वेगळ्या कागदावर लिहून दिला, आणि दस्त पुढे पाठवला.